पेटीत टाकलेले पीक आणि गावातली माणसे

शेतीच्या व्हिडिओ गेम्सची आवड असणाऱ्यांमध्ये एक वाद हटकून रंगतो. नांगरणी, पेरणी, पाणी, काढणी आणि विक्री हे सगळे मनापासून करणाऱ्या खेळाडूवर गावातल्या पात्रांशी बोलण्याची, त्यांना भेटवस्तू देण्याची, त्यांचे वाढदिवस लक्षात ठेवण्याची सक्ती असावी का? एका बाजूचे म्हणणे असे की आम्ही शेती करायला आलो आहोत, आम्हाला सुखाने शेती करू द्या. दुसऱ्या बाजूला वाटते की माणसे वगळली तर उरतो तो निव्वळ हिशेब. मी स्वभावाने एकलकोंडा आहे आणि दिवसभर लोकांत वावरल्यावर रात्री या खेळांकडे वळतो ते थोडी शांतता मिळावी म्हणून, त्यामुळे मी पहिल्या बाजूचा असेन असे कोणालाही वाटेल. पण माझे मन तिकडे पूर्णपणे जात नाही. सक्ती असावी की नसावी हे ठरवण्याआधी या खेळांनी शेती आणि माणसे यांची ताटातूट मुळात कुठे केली, हे पाहायला हवे असे मला वाटते, कारण वादाचे मूळ तिथे आहे.

या प्रकारच्या खेळांची परंपरा 1996 साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम यंत्रावर आलेल्या ‘बोकुजो मोनोगातारी’पासून मोजली जाते, जपानबाहेर तो खेळ ‘हार्वेस्ट मून’ या नावाने गाजला. त्याचे जनक यासुहिरो वादा ग्रामीण भागात वाढले आणि पुढे टोकियोला आले, आणि मागे सुटलेल्या त्या जगण्याच्या ओढीतून हा खेळ सुचला असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. व्हिडिओ गेम म्हटला की कोणालातरी हरवणे आलेच, अशी समजूत पक्की असताना त्यांनी लढाईचा लवलेशही नसलेला खेळ करायला घेतला. त्यात शेत होते, गुरे होती आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक गाव होते, जिथे सण होत आणि जिथल्या मुलीशी लग्नही करता येई. म्हणजे गाव ही नंतर कोणी चिकटवलेली वस्तू नाही. गावातल्या माणसांना उपरे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे की ती माणसे पहिल्या पिकाइतकीच जुनी आहेत.

मात्र त्याच खेळात आणखी एक वस्तू होती, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक खेळाने ती जशीच्या तशी उचलली. ती म्हणजे शेतावरची विक्रीची पेटी. काढलेला माल त्या पेटीत टाकायचा, कोणीतरी येऊन तो घेऊन जाणार आणि पैसे आपल्या खात्यात जमा होणार. एरिक बरोन यांनी साडेचार वर्षांच्या आसपास एकट्याने खपून तयार केलेल्या आणि 26 फेब्रुवारी 2016 रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’तही ही पेटी आहे. तिथे गावाचा महापौर लुइस सांगतो की रात्री मी येऊन माल घेऊन जाईन. सकाळी उठावे तो कालच्या कोबीचे आणि बटाट्यांचे पैसे आलेले असतात. कोणी विकत घेतले, कोणाच्या घरी शिजले, कोणाला आवडले, भाव पाडून मागितला का, उधारी राहिली का, यातले काहीही आपल्याला कळत नाही. पेटीचे झाकण उघडते आणि बंद होते, एक छोटासा आवाज येतो, आणि एका हंगामाच्या कष्टांचा जगाशी असलेला संबंध तेवढ्यावर संपतो.

खेळ सोपा आणि ओघवता राहावा म्हणून ही सोय केली गेली हे उघड आहे, आणि तीत गैर काही नाही. पण तिचा परिणाम फार खोलवर जातो. जगात कुठेही शेती एकट्याने होत नाही. बियाणे कोणाकडून तरी येते, पाण्याची पाळी कोणाशी तरी ठरवावी लागते, काढणीला हात लागतात, आणि माल घेणारा समोर उभा असतो. शेतकऱ्याचे गावाशी असलेले नाते या व्यवहारांतूनच बनते आणि बिघडतेही. खेळाने हे सगळे व्यवहार एका पेटीत बंद केले, आणि मग गाव रिकामे वाटू नये म्हणून माणसांना शेतीपासून तोडलेला एक वेगळा उद्योग दिला: मैत्री वाढवणे. त्यामुळे खेळाडूला जेव्हा वाटते की ही माणसे मला शेतीपासून दूर ओढत आहेत, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. रचनाच तशी आहे. बोलायला जायचे तर शेत सोडून जावे लागते, आणि सहा वाजता सुरू होऊन मध्यरात्रीनंतर दोनला संपणारा तो दिवस आपल्या घड्याळात जेमतेम चौदा मिनिटांचा असतो.

हा वेगळा उद्योग स्टारड्यू व्हॅलीत कसा चालतो ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पात्राच्या नावापुढे बदामांची, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या चिन्हांची, एक ओळ असते आणि 250 गुण झाले की एक बदाम भरतो. नुसते बोलले की 20 गुण. साध्या प्रतीची पण अत्यंत आवडती वस्तू दिली की 80, बऱ्यापैकी आवडती दिली की 45, नावडती दिली तर 20 वजा, आणि जिचा तिटकारा आहे अशी दिली तर 40 वजा. वाढदिवसाला भेटीचे मोल आठपट होते. बोलणे टाकले तर गुण रोज थोडेथोडे झिजतात. एका माणसाला आठवड्यातून दोनच भेटी देता येतात, आणि हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळे कितीही श्रीमंत खेळाडूला एका दिवसात कोणाची मैत्री विकत घेता येत नाही. पण बाकीचे गणित गणितच राहते. जॉर्ज नावाच्या चिडखोर म्हाताऱ्याला लीक (पातीच्या कांद्यासारखी एक भाजी) आवडते आणि वसंत ऋतूत ते रानात फुकट मिळते, हे एकदा कळले की खेळाडू लीक गोळा करून कपाटात साठवतो आणि आठवड्यातून दोनदा त्याच्या घरात शिरून एक त्याच्या हातात ठेवतो. जॉर्ज काय म्हणाला हे वाचायच्या आत बटण दाबून पुढे गेलेला असतो. पुढचे घर, पुढची वस्तू. कोणाला काय आवडते याचे तक्ते इंटरनेटवर तयार मिळतात, आणि अनेकजण ते दुसऱ्या पडद्यावर उघडे ठेवूनच ही फेरी पुरी करतात.

या फेरीला कंटाळलेला खेळाडू जेव्हा म्हणतो की मला माणसांची सक्ती नको, तेव्हा मला त्याच्या बोलण्यात एक वेगळी गोष्ट ऐकू येते. त्याला माणसांचा कंटाळा आलेला नसतो, कारण माणूस त्याला भेटलेलाच नसतो. त्याला भेटते ती बदामांची ओळ. आणि इथेच मला वाटते की या वादात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. ओळख असणे ही एक गोष्ट, आणि समोरच्याला खूश करणे ही दुसरी. गावात राहणाऱ्याला गावातली माणसे ओळखावी लागतात, त्यातून सुटका नाही आणि नसावीही. पण ती माणसे आपल्यावर प्रेम करू लागेपर्यंत त्यांची मनधरणी करत राहणे, हे कोणावरही लादता कामा नये. आजवरच्या बहुतेक खेळांनी नेमकी उलट व्यवस्था केली आहे: ओळख ऐच्छिक ठेवली आहे आणि मनधरणीला बक्षिसे लावली आहेत.

त्या बदामांच्या मागे जे लिहिले गेले आहे ते मात्र खरोखर मोलाचे आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या याच जॉर्जचा एक प्रसंग आहे. तो आपल्या टपालपेटीपर्यंत पोहोचण्याची धडपड करत असतो, आणि पेनी नावाची मनाने चांगली मुलगी त्याला न विचारता त्याची खुर्ची बाजूला सरकवून पत्र काढून देते. जॉर्ज चिडतो. मदत करणाऱ्यावर चिडणारा म्हातारा कृतघ्न वाटावा असा तो प्रसंग सुरू होतो, आणि काही क्षणांतच आपल्या लक्षात येते की त्याच्या हातून हिरावला गेला तो स्वतःचे काम स्वतः करण्याचा अधिकार होता. मग खेळ आपल्याला विचारतो की तुम्हाला काय वाटते. केंट नावाचा सैनिक पहिल्या वर्षी गावात नसतोच. तो दुसऱ्या वर्षी युद्धावरून परततो, आणि स्वयंपाकघरात पॉपकॉर्न फुटण्याच्या आवाजाने त्याच्या मनात रणांगण जागे होते. शेतीच्या खेळात युद्धाची ही सावली इतक्या साध्या, घरगुती आवाजातून यावी, याचे मला आजही नवल वाटते. फक्त शेती करून झोपी जाणाऱ्याला हे प्रसंग दिसत नाहीत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. पण वाईट वाटणे आणि त्याला ओढून नेणे यांत फरक केला पाहिजे.

खुद्द स्टारड्यू व्हॅलीत सक्ती किती आहे, हे आकड्यांत पाहिले तर ती वाटते तितकी नाही. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी दिवंगत आजोबांचा आत्मा येऊन आपल्या कामाचे मोल करतो. एकूण 21 गुण मिळू शकतात आणि आजोबांच्या पूर्ण समाधानाची खूण असलेल्या चारही मेणबत्त्या पेटण्यासाठी 12 पुरतात. त्या 21 पैकी गावकऱ्यांच्या मैत्रीला 2 आणि लग्नाला 1 गुण आहे. उलट कमाईचे एकट्याचे 7 आहेत. म्हणजे गावात एकही जिवलग न जोडता आजोबांना पूर्ण समाधानी करता येते. पुढे 2020 साली खेळात परिपूर्णतेची जी टक्केवारी आली तिच्यात सगळ्यांशी घट्ट मैत्री असण्याला 11 टक्के आहेत, पण तिथवर पोहोचणारा खेळाडू बहुधा स्वतःहून सगळे करायला निघालेला असतो. शेताची अवजारे, स्प्रिंकलर, गोठा, जमीन यांतले मुख्य काहीही बदामांवर अडलेले नाही. बरोन यांनी इथे जो तोल साधला आहे त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

तरीही अनेकांना तिथे सक्ती जाणवते, आणि ती का जाणवते हे मला फुलांच्या नाचात उमगले. वसंत ऋतूच्या 24 तारखेला सगळे गाव रानातल्या मोकळ्या जागेत जमते. तरुण मुले निळ्या कपड्यांत आणि मुली पांढऱ्या कपड्यांत ओळीने उभ्या राहतात. आपण एकेकाजवळ जाऊन नाचण्याविषयी विचारू शकतो, पण समोरच्याशी चार बदामांची मैत्री नसेल तर नकार येतो, आणि पहिल्याच वसंतात चार बदाम फार थोड्यांचे झालेले असतात. मग संगीत सुरू होते, जोड्या नाचू लागतात आणि नवा शेतकरी कडेला उभा राहून बघत राहतो. या नकाराने शेताचे काहीही बिघडत नाही, एक रोपही कमी उगवत नाही. पण ज्याने आयुष्यात कधी ना कधी अशा समारंभात कडेला उभे राहून वेळ काढली आहे, त्याला तो प्रसंग नुसता खेळ म्हणून सोडून देता येत नाही. नियमांनी केलेल्या सक्तीपेक्षा ही सक्ती अधिक जोरकस आहे, आणि माझ्या मते ती योग्यही आहे. गावात अनोळखी राहण्याची काहीतरी किंमत असावी. ती शेताकडून वसूल केलेली नाही, हे त्या प्रसंगाचे सौंदर्य आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला 2009 साली फेसबुकवर आलेला ‘फार्मव्हिल’ उभा आहे. त्यात शेजारी म्हणजे लेखकाने रचलेली पात्रे नव्हती. आपलेच परिचित होते. शेत मोठे करायचे तर ठरावीक संख्येने शेजारी जोडा, किंवा पैसे मोजा, असा तिथला रिवाज होता. म्हणजे अवजारे आणि जमीन यांनाच माणसांचे कुलूप घातलेले होते, आणि माणूस हा फक्त किल्ली होता. वर्षानुवर्षे संपर्क नसलेल्या कोणाचीतरी विनंती अचानक येत असे, तीत चौकशीचा एक शब्द नसे, एखादी खिळ्यांची पेटी किंवा हरवलेले जनावर मागितलेले असे. सक्तीचे सामाजिक वर्तन सर्वाधिक यशस्वीपणे राबवणारा शेतीचा खेळ कोणता, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल, आणि 31 डिसेंबर 2020 रोजी तो बंद होईपर्यंत त्याने संबंधांचे काय केले हे ज्यांनी त्या विनंत्या पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे.

‘फार्मिंग सिम्युलेटर’ने 2008 पासून दुसरी वाट धरली. तिथे खऱ्या कंपन्यांची यंत्रे आहेत, कर्ज आहे, भाडेपट्टा आहे, धान्याचे बदलते भाव आहेत, आणि शेजाऱ्याचे मन जिंकल्याशिवाय ट्रॅक्टर मिळणार नाही अशी कोणतीही अट नाही. संध्याकाळच्या उजेडात एका सरळ रेषेत मळणीयंत्र चालवत राहण्याचे जे सुख तिथे मिळते त्याला मी कमी लेखणार नाही. माणसांपासून दूर, एका कामात गढून जाण्याची गरज खरी असते. ज्यांचा दिवस लोकांची मने सांभाळण्यात जातो त्यांना रात्री आणखी तीस जणांची मने सांभाळा असे सांगणे निर्दयपणाचे आहे. आणि याच्या उलट, ज्यांना प्रत्यक्षात बोलणे जड जाते अशांनाही याच खेळांत मोकळे वाटते, कारण तिथे बोलताना अडखळण्याची भीती नसते, समोरचा कधी घाई करत नाही आणि उद्या तो त्याच जागी, त्याच वेळी भेटतो. एकाच सक्तीने यातल्या एकाला थकवावे आणि दुसऱ्याला आधार द्यावा, हे लक्षात घेतले तर सरसकट उत्तर देणाऱ्यांची मला शंका येते.

काहीजण सुचवतात की खेळाच्या सुरुवातीला एक पर्याय द्या. ज्याला माणसे नको त्याने ती बंद करावीत. हा मार्ग मला पटत नाही. बंद करता येण्याजोगे गाव हे मुळातच सजावट होते असा त्याचा अर्थ होतो, आणि बनवणाऱ्यांनाही मग त्यात जीव ओतण्याचे कारण उरत नाही. सक्तीची दुसरी अडचण लेखनाची आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. तीस पात्रांशी रोज बोलायला लावायचे असेल तर तीस जणांकडे रोज सांगण्यासारखे काही असायला हवे, आणि ते लिहून पुरे करणे कोणालाही शक्य नाही. त्यामुळे तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, आणि ज्या पात्रावर आपला जीव जडला होता तेच दुसऱ्या वर्षी पोपटासारखे वाटू लागते. क्वचित भेटले असते तर ते खरे राहिले असते.

मला जी वाट योग्य वाटते तिची झलक काही खेळांत आधीच दिसते. 2020 साली आलेल्या ‘साकुना: ऑफ राइस अँड रुइन’मध्ये एकच पीक आहे, भात, पण त्याची नांगरणी, बियाण्याची निवड, लावणी, पाण्याची पातळी, निंदणी, वाळवण, झोडपणी, तांदूळ कांडणे हे सगळे इतक्या तपशिलाने येते की अडलेले खेळाडू जपानच्या कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर माहिती शोधू लागले होते. त्या खेळातल्या नायिकेबरोबर एका घरात काही माणसे राहतात. एकजण शेतीतले जाणतो, एक मुलगा हत्यारे घडवतो, एक मुलगी कापड विणते, एक बाई रांधते. दिवस मावळला की सगळे एकत्र जेवायला बसतात आणि बोलणे तिथे होते. भेटवस्तू घेऊन कोणाच्या दारात जावे लागत नाही. आपल्या भाताचे त्या जेवणात काय झाले हे समोर दिसते, आणि ज्याच्या हाताने आपले अवजार घडले त्याचा स्वभाव ते अवजार घेता घेताच कळतो. इथे माणसे टाळता येत नाहीत, पण ती टाळावीत असे वाटतही नाही, कारण ती शेताच्या वाटेवरच उभी आहेत.

स्टारड्यू व्हॅलीतही याचा एक छोटासा अंकुर आहे, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. माल पेटीत न टाकता गावातल्या पिअर नावाच्या दुकानदाराकडे नेऊन विकला तर पुढे कधीतरी गावातले एखादे पात्र भेटल्यावर सांगते की तुझ्या शेतातली अमुक वस्तू मी पिअरकडून घेतली होती, आणि ती कशी निघाली तेही सांगते. मालाची प्रत चांगली असेल तर त्या माणसाचे आपल्याविषयीचे मत सुधारते. मला हे पहिल्यांदा ऐकायला मिळाले तेव्हा इतर कोणत्याही भेटवस्तूच्या प्रतिसादाने झाला नसेल एवढा आनंद झाला. मी त्या व्यक्तीकडे गेलो नव्हतो, तिला खूश करण्याचा विचारही केला नव्हता. मी भोपळा नीट वाढवला होता आणि तो तिच्या घरी पोहोचला होता. एकलकोंड्या माणसालाही गावाचा होता येईल अशी ही वाट आहे.

हाच अंकुर वाढवून कोणी खेळ करावा असे मला वाटते. पेटी पूर्ण काढून टाकावी असे मी म्हणणार नाही, कारण चौदा मिनिटांच्या दिवसात प्रत्येक मुळा हातोहात विकत बसणे कोणालाच परवडणार नाही. पण हंगामाचे मुख्य पीक तरी कोणातरी नाव असलेल्या माणसाने घ्यावे, त्याने भावाची घासाघीस करावी, एखाद्या वर्षी ओढ्याचे पाणी वरच्या शेताला आधी मिळावे आणि त्याविषयी कोणाशी तरी बोलावे लागावे, काढणीला आलेल्या माणसाने जाता जाता आपल्या घरची एखादी गोष्ट सांगावी. तेवढे बोलणे सक्तीचे असायला माझी हरकत नाही. त्यापुढे कोणाच्या घरी जायचे, कोणाचे दुःख ऐकायचे आणि फुलांच्या नाचात कोणाला विचारायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि ज्याने काहीच ठरवले नाही त्याचेही पीक वेळेवर यावे.